रेल्वेचा हमाल आणि गोल्फचा हंगाम

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाजवळ गोल्फचा विषय काढला तर तो आधी हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. पूर्णा हे रेल्वेवर वाढलेले गाव. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून हिंगोली-अकोल्याकडची वाट जेथे फुटते तेथे निजामी राजवटीत स्टेशन आले, मागोमाग इंजिनांची शेड आली, क्वार्टर्स आली, आणि गँगमन, खलाशी, पॉइंट्समन, सफाई कामगार, हमाल अशी माणसे आली. गावकीच्या कामातून सुटून महिन्याच्या पगारावर आलेल्या या माणसांच्या वस्त्यांनी येथल्या आंबेडकरी चळवळीला बळ दिले. या गावाला कबड्डी ठाऊक आहे, कुस्ती ठाऊक आहे, क्रिकेट तर पोराटोरांच्याही तोंडी आहे. गोल्फ मात्र साहेबाचा, छावणीचा, कारखानदाराचा खेळ. ज्या खेळाला शंभर-सव्वाशे एकर हिरवळ लागते त्याच्याशी भूमिहीनांचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो खांद्याचा आहे. गोल्फ खेळणारा माणूस आपले ओझे स्वतः वाहत नाही. चौदा काठ्यांची बारा-पंधरा किलोंची पिशवी खांद्याला अडकवून, चार-पाच तास, सात-आठ किलोमीटर दुसराच कोणी त्याच्या मागे चालतो. त्याला कॅडी म्हणतात. जगात जेथे जेथे हा खेळ गेला तेथे तेथे खेळणारा एका समाजातला आणि वाहणारा दुसऱ्या समाजातला अशी विभागणी झाली. आणि जेथे जेथे अशी विभागणी झाली तेथे वाहणाऱ्यांतून असे काही जण निघाले की ज्यांनी मालकाच्या मागे चालता चालता त्याचा खेळ उचलला आणि त्याच्यापेक्षा सरस खेळून दाखवला. पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. त्यातला मुख्य माणूस कॅडीच्याही अगोदर रेल्वे स्टेशनवरचा हमाल होता, म्हणून पूर्णेच्या वाचकाला तो परका वाटू नये.

परंतु आधी आपल्या घरातले उदाहरण घेतले पाहिजे. पळवणकर बाळू हे नाव आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायला, लोळवायला लागला. महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर आला. तेथे साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणी हवा असे. बाळू टाकू लागला. तासन् तास टाकू लागला. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा मोठेपणाचा भाग, तो मालकाने ठेवावा. एका खेळाच्या दोन कामांतसुद्धा वर्णव्यवस्था कशी उतरते ते येथे पाहावे. मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते म्हणून बाळूला संघात घेतले गेले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्णांच्या हाताला लागला तर विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र तो तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात. १८९६ च्या सुमारास तो मुंबईला गेला, रेल्वेच्या नोकरीत लागला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ सामन्यामागून सामने हरत असता याच माणसाने त्या एका हंगामात ११४ बळी घेतले. कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले, तेही भांडणे, बहिष्कार आणि वर्तमानपत्री वाद झाल्यानंतर.

बाळूची कथा आपण अभिमानाने सांगतो, सांगितलीच पाहिजे. पण तिचा उत्तरार्धही डोळ्याआड करू नये. १९३२ च्या पुणे करारावर येरवड्याच्या तुरुंगात ज्या सह्या झाल्या त्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात याच बाळूला उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. ज्याला चहाचा कप आत मिळाला नाही त्याचे नाव पुढे मतांसाठी वापरता आले. बाळूला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. एका माणसाला आत घेणे आणि नियम बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या मोबदल्यात दुसरी टाळता येते, एवढेच दाखवायचे आहे. गोल्फच्या इतिहासात हा प्रश्न इतका उघडा पडतो की तो पाहण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत.

अमेरिकेतील काळ्या समाजाशी आपले नाते काही नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या काळ्यांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिकडचे साहित्य मराठीत आणून दिले. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. या देवघेवीत कवी आले, कादंबरीकार आले, मुष्टियोद्धे आले. गोल्फ खेळणारे मात्र आले नाहीत, आणि त्याचे कारण उघड आहे. हा खेळ आपल्या कल्पनेतच नव्हता.

तिकडे गोऱ्या व्यावसायिक खेळाडूंची जी संघटना होती, पी.जी.ए., तिच्या घटनेत सदस्यत्व गौरवंशीय खेळाडूंपुरतेच आहे असे कलम होते. आपल्याकडे मंदिराच्या दारावर पाटी नसे, रूढी असे; तिकडे पाटीच छापून काढली होती. त्याआधी निदान संदिग्धता होती. १८९६ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत जॉन शिपन हा काळा पोरगा खेळायला उतरला तेव्हा इतर खेळाडूंनी बहिष्काराची धमकी दिली. स्पर्धेच्या अध्यक्षाने ऐकवले की, तुम्ही गेलात तरी शिपन आणि त्याचा मूलनिवासी साथीदार ऑस्कर बन या दोघांनाच घेऊन स्पर्धा होईल. सगळे मुकाट्याने खेळले. पुढच्या काळात असा अध्यक्ष मिळाला नाही.

मग काळ्यांनी आपली स्वतःची संघटना काढली. १९२५ साली डॉक्टर आणि व्यापारी अशा काही काळ्या मंडळींनी युनायटेड गोल्फर्स असोसिएशनचा पाया घातला. न्यू जर्सीतील शेडी रेस्ट, मॅसॅच्युसेट्समधील मेपलडेल अशी काळ्यांच्या मालकीची वा चालवणुकीची थोडी मैदाने होती. बाकी सारी मदार नगरपालिकांच्या सार्वजनिक मैदानांवर. या संघटनेची स्पर्धामालिका म्हणजे दुय्यम दर्जाची व्यावसायिक मालिका. दुय्यम हा शब्द पैशाच्या बाबतीत खरा. खेळाच्या बाबतीत तो खोटा होता हे पुढे सिद्ध झाले.

त्यांचा हंगाम कसा असे? हिवाळ्यात मायामीकडे, कारण उत्तरेत बर्फ. उन्हाळ्यात शहरामागून शहर, आणि उन्हाळ्याच्या अखेरीकडे वर्षाची मोठी स्पर्धा, नॅशनल निग्रो ओपन, दरवर्षी निराळ्या गावी. एका मोटारीत चार-पाच जण, मागे काठ्यांच्या पिशव्या, रात्रभर प्रवास. काळ्यांना कोणत्या गावात कोणते घर, कोणती खानावळ उघडी आहे हे सांगणारे एक पुस्तक व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढले होते. ते पुस्तक किंवा ओळखीच्या कुटुंबाचा पत्ता हाच आधार. (आपल्याकडे परगावी सभेला जाणारा कार्यकर्ता आधी आपल्या वस्तीचा पत्ता विचारून घेई, तसेच हे.) पहिले बक्षीस बहुधा काही शे डॉलर. दुसऱ्या-तिसऱ्याला प्रवासखर्च निघाला तर नशीब. म्हणून पैजा लावून खेळणे हा हंगामाचाच भाग होता. ज्याच्या खिशात हरायला पैसे नाहीत असा माणूस पैजेवर खेळतो तेव्हा त्याचा हात कसा स्थिर राहत असेल याचा विचार वाचकाने करावा.

या स्पर्धांना गोऱ्यांना मज्जाव नव्हता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनी आपले दार उघडे ठेवले. स्त्रियांसाठीही १९३० पासून अजिंक्यपद होते, आणि त्यातून पुढे आलेल्या ॲन ग्रेगरी १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी महिला स्पर्धेत उतरल्या.

खेळाडू बहुतेक कॅडीचे काम करून शिकलेले. हॉवर्ड व्हीलर हा अटलांटाचा कॅडी, ही मोठी स्पर्धा त्याने अनेकदा जिंकली. तो काठी उलट्या हाताने धरी. उजव्या हाताच्या खेळाडूने डावा हात खाली धरायचा, हे सगळ्या पुस्तकांच्या विरुद्ध. शिकवणारा कोणी नाही, मालक समोर खेळतो तेवढे दुरून पाहायचे, आणि त्याची पाठ वळली की झाडाची फांदी घेऊन मारून पाहायचे. यातून जी पद्धत बनली ती बनली. चार्ली सिफर्ड १९२२ साली उत्तर कॅरोलिनात जन्मला, लहानपणीच कॅडी झाला, आणि १९५२ ते १९५६ ही सलग पाच वर्षे नॅशनल निग्रो ओपन त्याने कोणाला मिळू दिली नाही.

आता तो हमाल. बिल स्पिलर १९१३ साली ओक्लाहोमा राज्यात जन्मला. कॉलेजची पदवी घेतली. शिक्षक व्हायचे होते; परंतु काळ्यांच्या खेड्यातल्या शाळेत शिक्षकाला जो पगार देऊ केला जाई त्यात घर चालणारे नव्हते. पदवीधर स्पिलर लॉस एंजलिसला गेला आणि युनियन स्टेशनवर डोक्यावर लाल टोपी चढवून प्रवाशांचे सामान उचलू लागला. आपल्याकडे लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला, तिकडे लाल टोपी. पदवी खिशात आणि ट्रंक डोक्यावर, हे चित्र मराठवाड्यातल्या कोणत्याही सुशिक्षित बेकाराला समजावून सांगावे लागू नये. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून घेण्याची घोषणा झाली तेव्हा आपल्याकडेही काही ठिकाणी शिकलेली पोरे हमाली करीत असल्याचे आढळले होतेच.

तिशी गाठता गाठता, एका सहकारी हमालाच्या आग्रहाने, स्पिलरने प्रथम गोल्फची काठी हातात घेतली. पाच-सहा वर्षांत तो पहिल्या दर्जाचा खेळाडू झाला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजलिस ओपन ही थोड्या उदार स्पर्धांपैकी एक स्पर्धा होती. तेथे पहिल्या दिवशी या हमालाने ६८ फटक्यांत फेरी पुरी करून त्या काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू बेन होगन याच्याशी बरोबरी केली. पुढच्या दिवसांत तो मागे पडला, तरी पहिल्या साठांत राहिला. त्याचा मित्र टेड ऱ्होड्स हाही राहिला. नियम असा की पहिल्या साठांना पुढच्या आठवड्याच्या रिचमंड ओपन स्पर्धेत आपोआप प्रवेश. दोघे रिचमंडला गेले, सरावाच्या फेऱ्या खेळले, आणि मग त्यांना सांगण्यात आले की, तुम्हाला खेळता येणार नाही, आमचे कलम आहे.

येथे स्पिलर निराळा ठरला. त्याने वकील गाठला आणि ऱ्होड्स व आणखी एका खेळाडूसह पी.जी.ए.वर ३ लाख १५ हजार डॉलरचा दावा लावला. मुद्दा साधा होता: ही संघटना माझ्या पोटापाण्याच्या आड येते. गोल्फ हा त्याने काम म्हणून मांडला, आणि कामावरचा बहिष्कार म्हणून न्याय मागितला. महाडच्या पाण्यासाठी बाबासाहेब दिवाणी कोर्टात झगडले ते आठवते. पण स्पिलरचा दावा निकालापर्यंत गेलाच नाही. पी.जी.ए.ने पुढे भेदभाव करणार नाही असे तोंड भरून आश्वासन दिले, दावा मागे घेतला गेला. आणि मग तिने काय केले? 'ओपन' हा शब्दच काढून टाकला. स्पर्धा 'निमंत्रितांच्या' झाल्या. निमंत्रण कोणाला द्यायचे ही यजमानाची मर्जी! कायद्याने दार उघडावे लागले की त्याच दाराला 'गुणवत्ता', 'परंपरा', 'खासगी संस्था' अशी निरनिराळी कुलपे लावण्याची कला आपल्याही ओळखीची आहे.

१९५२ च्या सॅन डिएगो स्पर्धेत आणखी गंमत झाली. जगज्जेता मुष्टियोद्धा ज्यो लुई याला निमंत्रण गेले होते. तो हौशी म्हणून गोल्फ खेळे. स्पिलर पात्रता फेरीतून आलेला. दोघांनाही अडवले गेले. ज्यो लुई हे नाव इतके मोठे की देशभर ओरड झाली. पी.जी.ए.ने तोड काढली: लुई हौशी आहे, त्याला आमचे कलम लागू नाही, त्याने खेळावे; स्पिलर व्यावसायिक, त्याला नाही. लुई खेळला. स्पिलर पहिल्या टीच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि हलेना. अखेर समजूत घालून त्याला बाजूला केले. प्रसिद्ध माणसाला आत घेऊन कष्टकऱ्याला बाहेर ठेवण्याचा हा प्रकार लुईलाही रुचला नव्हता. ऱ्होड्सला वर्षानुवर्षे पैशाचा आधार त्यानेच दिला होता. तरीही झाले ते असे झाले.

स्पिलरचे उरलेले दिवस पिशव्या वाहण्यात गेले. लॉस एंजलिसच्या एका क्लबात तो कॅडीचे काम करी. तेथे ज्याची पिशवी तो वाहत होता त्या सभासदाने एकदा त्याला विचारले, तू स्वतः स्पर्धांत का नाहीस? स्पिलरने सगळी हकिकत सांगितली. त्या सभासदाच्या सल्ल्याने प्रकरण कॅलिफोर्नियाचे महाअधिवक्ता स्टॅनली मॉस्क यांच्याकडे गेले. मॉस्क यांनी पी.जी.ए.ला बजावले की हे कलम राहील तर आमच्या राज्यातल्या सार्वजनिक मैदानांवर तुमच्या स्पर्धा होणार नाहीत. संघटना खासगी मैदानांकडे वळली. त्यांनी तेथेही आडकाठी घालण्याचा इशारा दिला आणि इतर राज्यांच्या अधिकाऱ्यांनाही लिहिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये कलम गेले. स्पिलर तेव्हा ४८ वर्षांचा होता. खेळाडूचे वय संपले होते.

सिफर्ड ३९ वर्षांचा होता. त्याला थोडा काळ मिळाला. त्याच वर्षी ग्रीन्सबरोच्या स्पर्धेत, दक्षिणेत, रात्री फोनवर जिवे मारण्याच्या धमक्या आणि दिवसा मैदानावर मागे चालणारे टवाळखोर यांच्यात तो चौथा आला. १९६७ साली हार्टफर्डला आणि १९६९ साली लॉस एंजलिसला तो जिंकला. ली एल्डर या नव्या पिढीच्या खेळाडूने काळ्यांच्या मालिकेत एका टप्प्यावर २२ पैकी १८ स्पर्धा जिंकल्या, मग मुख्य मालिकेत गेला आणि १९७५ साली मास्टर्स स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. २०१४ साली ओबामांनी सिफर्डला राष्ट्राध्यक्षांचे पदक दिले. आणि युनायटेड गोल्फर्स असोसिएशनचे काय झाले? चांगले खेळाडू बाहेर पडले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले, आणि ती हळूहळू विझली. ज्या संस्थेने पस्तीस वर्षे ही माणसे जगवली तिचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या वसतिगृहांविषयी, आपल्या नियतकालिकांविषयी, आपल्या कलापथकांविषयी हाच विचार मनात येतो. मुख्य प्रवाहात जाण्याचा हक्क मागायचाच. पण जेथून आपण निघालो ती जागा मागे ओस पडू द्यायची का? मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही आणि ज्यांना सापडले आहे असे वाटते त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

व्हीलरप्रमाणेच उलट्या हाताने काठी धरणारा आणखी एक माणूस समुद्रापलीकडे होता, आणि तो तर भारतीय वंशाचा. सेवसुंकर सेवगोलम, घरचे नाव पापवा. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा, गिरमिटिया मजुरांच्या वंशातला, लिहिता-वाचता न येणारा कॅडी. ग्रॅहम वुल्फ या गोऱ्या मालकाने त्याचा खेळ पाहिला आणि स्वखर्चाने त्याला युरोपात नेले. १९५९ साली त्याने डच ओपन जिंकली, १९६० साली पुन्हा, १९६४ साली तिसऱ्यांदा. मायदेशात मात्र गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरायला सरकारी परवानगी लागे. १९६३ च्या जानेवारीत डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन त्याने जिंकली. त्या दिवशी पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आणि पाहुणे क्लबच्या इमारतीत होते. कायद्याने पापवाला तेथे पाऊल टाकता येत नव्हते. चषक त्याला बाहेर, पावसात उभे करून देण्यात आला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर छापले गेले, आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या खेळांवर बहिष्कार घालण्याच्या चळवळीला त्याने बळ मिळाले. बाळूचा मातीचा कप आणि पापवाचा पावसातला चषक यांच्यात साठ-सत्तर वर्षांचे अंतर आहे. १९६५ साली त्याच स्पर्धेत पापवाने गॅरी प्लेअरला हरवले. त्यानंतर सरकारने त्याला स्पर्धांतून बंद केले आणि पारपत्र काढून घेतले. १९७८ साली तो गरिबीतच वारला. मालकाची कृपा त्याला विमानात बसवून हॉलंडला घेऊन गेली; क्लबच्या दाराच्या आत नेणे तिच्या हाती नव्हते.

आता आपल्या देशाकडे. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या देशात, कलकत्त्यात, १८२९ सालचा. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. चेंबूरचे मैदान १९२७ चे. पुण्यात पूना क्लबचे गोल्फ मैदान आहे ते येरवड्याला. ज्या येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला त्याच वस्तीत, आणि ज्या क्लबाच्या सराव-जाळ्यात बाळू चेंडू टाकीत होता त्याच क्लबाचे. स्वातंत्र्य आले, साहेब गेले, सभासदांची नावे बदलली. पिशवी वाहणारा शेजारच्या वस्तीतूनच येत राहिला. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कॅडींना खेळण्याची मुभा असे. आपल्या देशातले निम्म्याहून अधिक नामवंत व्यावसायिक गोल्फर या सोमवारांतून निघाले असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दिल्लीचा अली शेर हा कॅडीचा मुलगा आणि स्वतः कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि १९९३ साली तो पुन्हा जिंकला. कलकत्त्याचा एस. एस. पी. चौरसिया हा मैदानाची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा; २०१६ आणि २०१७ साली त्याने तीच स्पर्धा जिंकली. महूचा मुकेश कुमार याने देशातल्या शंभराहून अधिक व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या आणि २०१६ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पहिले आशियाई विजेतेपद मिळवले. महू म्हणजे बाबासाहेबांचे जन्मगाव. छावणीनेच सुभेदार रामजींना शाळेतले शिक्षक केले आणि छावणीच्याच गावातून असा खेळाडू निघाला. छावणीत विषमता होतीच; पण गावगाड्याची पकड तेथे सैल होती.

या खेळाडूंत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, निरनिराळ्या जातींचे आहेत. त्यांना जोडणारा धागा मैदानावरच्या चाकरीचा. वर्तमानपत्रे त्यांची कथा गरिबीतून वर आलेल्या जिद्दी मुलाची कथा म्हणून छापतात आणि थांबतात. जे वर आले नाहीत त्यांचा हिशोब कोणी मांडत नाही, म्हणून तो थोडा मांडतो.

२००६ पासून देशातली व्यावसायिक मालिका पी.जी.टी.आय. ही संस्था चालवते. तिच्या खाली आधी फीडर टूर होती. २०२४ साली नेक्सजेन नावाची दुय्यम मालिका निघाली. दुय्यम मालिकेतला खेळाडू म्हणजे काय? वर्षाच्या आरंभी पात्रता स्पर्धा, तिची फी. मग प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी. गावोगावचा प्रवास, तीन-चार रात्रींचा मुक्काम, जेवण, चेंडू, बूट, आणि स्वतःची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी. होय, कालचा कॅडी आज मजुरी देतो. पुष्कळदा तो सख्खा किंवा चुलतभाऊच असतो. दोन फेऱ्यांच्या सुमारास 'कट' लागतो: वरचे ठराविक जण पुढे, बाकीचे घरी. जो कटच्या खाली राहिला त्याला एक पैसा नाही. जो वर राहिला त्यातल्या विजेत्याला एकूण रकमेचा सहावा-सातवा हिस्सा, आणि तेथून उतार इतका तीव्र की तळच्याला खर्चही भरून निघत नाही. एका फटक्याच्या अंतराने माणूस इकडचा तिकडे होतो.

परभणी-बीडकडच्या माणसाला हे गणित नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कोयता निघतो, हंगामभर ऊस तोडतो, आणि हिशोबाच्या दिवशी उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधला जातो. दुय्यम मालिकेतल्या गोल्फरची उचल क्लबातल्या एखाद्या सभासदाकडून, एखाद्या कंपनीकडून येते. साहेबाने जुन्या काठ्या दिल्या, साहेबाने तिकिटाचे पैसे दिले. उचलीला निदान दर ठरलेला असतो. या मेहेरबानीला दर नाही. साहेबाची बदली झाली, मर्जी फिरली, दोन कट हुकले, की हंगाम संपतो आणि खेळाडू पुन्हा पिशवीखाली उभा राहतो. कॅडीला बहुतेक क्लबांत कामगार मानले जात नाही. तो दिवसाच्या फेरीवर जगतो. फेरी नसेल त्या दिवशी, पावसात, आजारपणात त्याचे काय, हा प्रश्न माथाडी आणि हमालांच्या संघटनांनी १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात निदान काही प्रमाणात सोडवला. बाजार समितीत पोते उचलणाऱ्याचे नाव मंडळाच्या वहीत नोंदले जाते. गोल्फची पिशवी उचलणाराही डोक्या-खांद्यावर ओझे वाहणाराच आहे.

बिल स्पिलरला हा फरक कळला होता. त्याने खेळू द्या अशी विनवणी केली नाही. माझे काम अडवता आहात, असे म्हणाला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे पुण्या-मुंबईत शिकत आहेत त्यांनी एखाद्या सकाळी येरवड्याला किंवा चेंबूरला जावे, फाटकाबाहेर फेरीची वाट पाहत बसलेल्या माणसांशी बोलावे. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, बाप काय करीत होता, फेरीचे किती मिळतात, कोण कोण खेळायला लागला, किती हंगाम टिकला, परत का आला, हे विचारून लिहून घ्यावे. गोरे-काळे दोन्ही अभ्यासक तिकडे गेली चाळीस-पन्नास वर्षे हेच काम करीत आले, म्हणून स्पिलरचे नाव आज आपल्याला सांगता आले.